साहेब बदलतात, राजीनामा तुमचा मागतात

देहू-आळंदी रस्त्यावरच्या तळवड्यात सिंटेलचा मोठा कॅम्पस उभा राहिला आणि पुण्यातली हजारो घरं त्या पगारावर चालू लागली. भरत देसाई आणि नीरजा सेठी यांनी ही कंपनी 1980 मध्ये अमेरिकेत, मिशिगनमधल्या ट्रॉयमध्ये सुरू केली. मुख्यालय तिकडे राहिलं, पण काम करणारी बहुतेक माणसं इकडची: पुण्याची, मुंबईची, चेन्नईची. 2018 मध्ये फ्रान्सच्या अ‍ॅटॉसनं सिंटेल 3.4 अब्ज डॉलरला विकत घेतली. त्यानंतर वर कोण कोण आलं आणि गेलं, ते एकदा सलग वाचा.

खरेदीच्या वेळी प्रमुख होते थिएरी ब्रेतों. ते 2019 च्या अखेरीस युरोपीय आयोगात मोठ्या पदावर गेले. त्यांच्या जागी एली जिरार आले आणि ऑक्टोबर 2021 मध्ये गेले. जानेवारी 2022 मध्ये रोडोल्फ बेलमेर आले. जूनमध्ये कंपनीचे दोन तुकडे करायची योजना जाहीर झाली आणि त्याच दिवशी बेलमेर जाणार हेही जाहीर झालं. मग नूर्दीन बिहमान. ऑक्टोबर 2023 मध्ये इव्ह बेर्नार्ट आले आणि जेमतेम साडेतीन महिन्यांत, जानेवारी 2024 मध्ये, बाहेर पडले. मग पॉल सालेह. ऑक्टोबर 2024 मध्ये तेही गेले आणि हंगामी कारभार जाँ-पिएर मुस्तिए यांच्याकडे आला. 1 फेब्रुवारी 2025 पासून फिलिप साल.

साडेसहा वर्षांत आठ प्रमुख. आणि प्रत्येकाची नवी योजना.

या काळात ट्रायझेटो या अमेरिकी कंपनीबरोबरच्या खटल्यात ज्युरीनं सिंटेलवर 85.5 कोटी डॉलरचा बोजा टाकला. तो पुढे न्यायालयांनी कमी केला. एप्रिल 2021 मध्ये लेखापरीक्षकांनी अमेरिकेतल्या दोन उपकंपन्यांच्या हिशेबावर बोट ठेवलं. त्याच वर्षी सप्टेंबरात पॅरिसच्या शेअर बाजारातल्या पहिल्या चाळीस कंपन्यांच्या निर्देशांकातून अ‍ॅटॉस बाहेर गेली. कंपनीचा एक तुकडा झेक उद्योगपती क्रेटिन्स्की यांना विकायचं ठरलं आणि फिसकटलं. दुसऱ्यातला एक भाग एअरबसला द्यायची बोलणी झाली, तीही फिसकटली. कर्ज इतकं वाढलं की ऑक्टोबर 2024 मध्ये नान्तेरच्या व्यापारी न्यायालयासमोर पुनर्रचना मंजूर करून घ्यावी लागली. मध्येच 2023 मध्ये एव्हिडेन हे नवं नाव आलं. लोकांनी ईमेलखालची सही बदलली, गळ्यातलं कार्ड बदललं. 2025 मध्ये सेवांच्या कामाला पुन्हा अ‍ॅटॉस हेच नाव मिळालं आणि एव्हिडेन उत्पादनांपुरतं उरलं. पुन्हा सही बदला.

2021 मध्ये ही कंपनी आपली ओळख 1 लाख 5 हजार कर्मचाऱ्यांची म्हणून करून देत होती. 2025 मध्ये तो आकडा 72 हजारांच्या आसपास होता. सगळे काढले गेले नाहीत. काही विभाग विकले गेले, काही माणसं स्वतःहून गेली. पण एक गोष्ट ठामपणे सांगता येते. सिंटेल कितीला घ्यायची, कंपनी तोडायची की जोडायची, कर्ज किती काढायचं, यातला एकही निर्णय तळवड्यातल्या टेस्टरनं किंवा सपोर्ट इंजिनिअरनं घेतलेला नव्हता. त्याचा जीव मात्र दर तिमाहीला टांगणीला.

वरच्या चुकीचा हप्ता खालच्यानं भरायचा, ही रीत मला मान्य नाही. हे सदर त्यासाठीच.

०

पुण्याला हे नवं नाही. पटनी कॉम्प्युटरमधल्या लोकांना विचारा. 2011 मध्ये आयगेटनं पटनी घेतली. मे 2013 मध्ये आयगेटच्याच प्रमुखांना, फणीश मूर्तींना, संचालक मंडळानं पदावरून दूर केलं. नवे प्रमुख इन्फोसिसमधून आले. 2015 मध्ये कॅपजेमिनीनं अख्खी आयगेट घेतली. ज्या माणसानं या चार-पाच वर्षांत ना नोकरी सोडली ना खुर्ची, त्याच्या बायोडेटात तीन कंपन्या दिसतात.

बातमीत वरच्याचं नाव येतं. इन्फोसिसमधून विशाल सिक्का गेले, नंदन नीलेकणी परतले, 2017. विप्रोतून थिएरी देलापोर्त गेले, श्रीनिवास पल्लिया आले, 2024. टीव्हीवर चर्चा होते, शेअर दोन टक्के वर, तीन टक्के खाली. हिंजवडीच्या फेज टूमध्ये मात्र त्या दिवशी वेगळीच कुजबुज असते: आपला अकाउंट कुणाकडे जाणार? आपला डिलिव्हरी हेड टिकणार का? नवा माणूस आपली माणसं घेऊन येणार का?

ही कुजबुज भित्र्यांची नाही. अनुभवी माणसांची आहे.

०

नेतृत्व डळमळतं तेव्हा खाली नेमकं काय तुटतं?

तुमच्या कामाची आठवण तुटते. आयटीतलं काम डोळ्यांना दिसत नाही. रात्री अडीच वाजता सर्व्हर पडला होता, क्लायंट ओरडत होता आणि तुम्ही पहाटेपर्यंत बसून तो उभा केला, याची नोंद कुठे असते? तिकिटावर एक ओळ असते. खरी नोंद मॅनेजरच्या डोक्यात असते. ‘ही मुलगी अडचणीत उभी राहते’ हे त्याला ठाऊक असतं. वरचा बदलला की त्याखालचा बदलतो, मग त्याच्याखालचा, आणि एका सोमवारी तुमचा मॅनेजरही जातो. नवा येतो. त्याला तुमचं नाव, तुमचा ग्रेड, तुमचा पगार आणि तुम्ही बिलेबल आहात की नाही, म्हणजे तुमच्या कामाचे पैसे क्लायंट देतो की नाही, एवढंच दिसतं. तुमची सहा वर्षं एका ओळीत मावतात. अप्रेझलचं घड्याळ शून्यावर येतं.

मग वरून आकडा येतो. इतके कमी करा. नावं खाली ठरतात. आणि जो तुम्हाला तीन महिने ओळखतो, तो तुमचं नाव यादीत घालतो. त्याला दोष देताना माझी जीभ अडखळते, कारण पुढच्या यादीत त्याचंही नाव असू शकतं. पण तुमच्याबद्दल त्याला काही माहीत नव्हतं आणि त्यानं शोधलंही नाही, हे खरंच राहतं.

अशा ठिकाणी हुशारी नव्हे, जवळीक टिकते. नव्या साहेबाच्या जुन्या कंपनीतून आलेले आत, बाकीचे बेंचवर, म्हणजे प्रोजेक्टविना. अमुक कॅम्पचा, तमुक कॅम्पचा असे शब्द जेवणाच्या टेबलावर ऐकू येऊ लागले की समजावं, त्या कंपनीत काम दुय्यम झालं आहे.

०

आता त्या छोट्या खोलीत चला. पंधरा मिनिटांची मीटिंग. कॅलेंडरवर विषय लिहिलेला नसतो, लिहिला तर ‘कनेक्ट’ एवढाच. समोर एचआर, शेजारी मॅनेजर, तो बहुतेक वेळ टेबलाकडे बघतो.

‘तुमचा रोल राहिला नाही. तुम्ही आज राजीनामा टाका. रिलीव्हिंग लेटर स्वच्छ मिळेल. नाही टाकलात तर आम्हाला टर्मिनेट करावं लागेल, मग पुढच्या कंपनीच्या बॅकग्राउंड व्हेरिफिकेशनमध्ये ते दिसेल.’

‘मला दोन दिवस द्या, घरी बोलतो.’

‘सिस्टिममध्ये आजची तारीख आहे.’

जुलै 2017 मध्ये अशाच एका फोनचं रेकॉर्डिंग देशभर फिरलं होतं. टेक महिंद्राच्या एका कर्मचाऱ्याला उद्या सकाळी दहापर्यंत राजीनामा दे, असं एचआर सांगत होती. कर्मचारी विनवत होता. कंपनीचं मुख्यालय तेव्हा आपल्या कर्वे रस्त्याजवळ होतं. गदारोळ झाला. कंपनीच्या वरिष्ठांनी माफी मागितली, आनंद महिंद्रांनी स्वतः जाहीर माफी मागितली आणि असं पुन्हा होणार नाही असं सांगितलं. माफी मागितली हे बरं झालं. पण इतर कंपन्यांनी त्यातून धडा घेतला तो एवढाच की फोनवर बोलू नये. आता खोलीत बोलावतात आणि मोबाइल बाहेर ठेवायला लावतात.

या खोलीत जे घडतं त्याला मी फसवणूक म्हणतो. कारण कंपनी माणसाला काढते आणि कागदावर लिहून घेते की तो स्वतःहून गेला, ‘वैयक्तिक कारणास्तव’. खोटं कंपनीचं, सही तुमची.

०

ही सही इतकी का हवी असते? कायदा बघा.

21 नोव्हेंबर 2025 पासून देशात औद्योगिक संबंध संहिता लागू झाली. त्याआधी 1947 चा औद्योगिक विवाद कायदा होता. दोन्हींत कामगाराच्या व्याख्येत तांत्रिक काम करणारा माणूस बसतो. व्यवस्थापकीय काम करणारा बसत नाही, पण ते कामाच्या स्वरूपावरून ठरतं, कार्डावरच्या पदनामावरून नाही. चेन्नईच्या कामगार न्यायालयानं 2022 मध्ये टीसीएसनं काढलेल्या एका अभियंत्याला कामगार मानून परत घेण्याचा आदेश दिला होता. म्हणजे दिवसभर कोड लिहिणारा, टेस्टिंग करणारा, सर्व्हर सांभाळणारा माणूस ‘असिस्टंट मॅनेजर’ म्हणवला जातो म्हणून कायद्याबाहेर जात नाही.

अशा माणसानं एक वर्ष सलग काम केलेलं असेल तर त्याला कमी करताना एक महिन्याची लेखी नोटीस द्यावी लागते, कारणासह, किंवा तेवढा पगार. वर पूर्ण केलेल्या प्रत्येक वर्षामागे पंधरा दिवसांच्या सरासरी वेतनाएवढी भरपाई. सर्वसाधारण नियम असा की शेवटी आला तो आधी जातो. पुन्हा भरती निघाली तर काढलेल्याला आधी विचारायचं. नव्या संहितेत पुनर्कौशल्य निधी आहे, त्यात कंपनीनं आणखी पंधरा दिवसांचं वेतन भरायचं आहे. आणि सगळ्यात महत्त्वाचं: सरकारला कळवायचं. आधी सरकारची परवानगी घ्यायची अट कारखाने, खाणी आणि मळे यांच्यापुरती आहे, आयटी ऑफिसांना नाही. पण कळवायचं बंधन आहे.

राजीनामा घेतला की यातलं सगळं एका फटक्यात मिटतं. भरपाई नाही, क्रम नाही, निधी नाही, सरकारला नोटीस नाही. शहराच्या दफ्तरी कपात झालेलीच नसते. शंभर माणसं एका आठवड्यात बाहेर पडली तरी सरकारी कागदावर शंभर माणसांना एकाच आठवड्यात वैयक्तिक कारणं उद्भवलेली असतात.

०

टीसीएसचं उदाहरण मुद्दाम घेतो. ही डळमळीत कंपनी नाही. पुण्याचं आणि तिचं नातंही जुनं आहे. फकीरचंद कोहलींनी 1981 मध्ये टाटांचं संगणक संशोधन केंद्र इथेच सुरू केलं. सॉफ्टवेअर हा अभ्यासाचा विषय आहे हे आपल्या गावाला ज्यांनी शिकवलं, त्यांतलं ते एक ठिकाण.

जून 2025 मध्ये या कंपनीनं नवा नियम आणला: वर्षातले 225 दिवस बिलेबल हवेत, बेंचवर 35 दिवसांपेक्षा जास्त नको. प्रोजेक्ट मिळवणं हे अशा रीतीनं कर्मचाऱ्याच्या अंगावर आलं. जुलैच्या शेवटी कंपनीनं सांगितलं की दोन टक्के, म्हणजे 12 हजारांवर माणसं कमी होतील, बहुतेक मधल्या आणि वरच्या फळीतली. प्रमुख कृतिवासन म्हणाले की कारण कृत्रिम बुद्धिमत्ता नाही, कौशल्यं जुळत नाहीत हे आहे. त्याआधीच्याच तिमाहीत नफा 12,760 कोटी रुपये होता. कृतिवासन यांचं आदल्या आर्थिक वर्षाचं वेतन 26 कोटी 52 लाख. सप्टेंबरच्या तिमाहीअखेर कंपनीची एकूण संख्या 19,755 नं घटली.

पंधरा-वीस वर्षं एका कंपनीत घालवलेल्या माणसाचं कौशल्य जुळत नसेल, तर ती वर्षं कुणी आखली? त्याला कोणत्या प्रोजेक्टवर बसवायचं हे कंपनीनं ठरवलं. जुन्या तंत्रज्ञानाचा क्लायंट पैसे देत होता तोवर त्याला तिथून हलू दिलं नाही, ‘तू गेलास तर अकाउंट कोण बघणार?’ असं म्हणत. क्लायंट गेला, आणि मग तोच माणूस कालबाह्य ठरला.

नाइट्स या पुण्यातल्या आयटी कर्मचारी संघटनेनं म्हटलं की एकट्या पुण्यात सुमारे अडीच हजार लोकांना राजीनामा द्यायला भाग पाडलं. संघटनेनं केंद्रीय कामगार मंत्र्यांना लिहिलं, मुख्यमंत्र्यांना लिहिलं. कंपनीनं हा आकडा चुकीचा म्हणून फेटाळला. पुढे पुण्याच्या कामगार कार्यालयानं कंपनीला बोलावलं. अडीच हजार खरे की कंपनी म्हणते ते खरं, हे एखाद्या सरकारी टेबलावरच्या कागदावरून दहा मिनिटांत ठरायला हवं होतं. ठरलं नाही, कारण कपात राजीनाम्याच्या वाटेनं झाली की तो कागद जन्मालाच येत नाही.

०

पगार थांबतो, हे सगळ्यांना दिसतं. मेडिक्लेम थांबतो, हे त्या घरालाच दिसतं.

पुण्यातल्या आयटी घरांची आरोग्याची घडी कंपनीच्या ग्रुप मेडिक्लेमवर बसलेली आहे. नवरा-बायको, मुलं, आणि बहुतेक ठिकाणी आई-वडील. सांगलीहून, नगरहून, जळगावहून मुलाकडे राहायला आलेल्या सत्तरीच्या माणसाला स्वतंत्र पॉलिसी मिळणं अवघड. मधुमेह आहे, आधी अँजिओप्लास्टी झालेली आहे, हप्ता डोळे पांढरे करणारा, आणि जुन्या आजारासाठी काही वर्षं थांबा. कंपनीची पॉलिसी मात्र पहिल्या दिवसापासून सगळं बघते. ती कंपनीतल्या शेवटच्या दिवसाबरोबर संपते. आईच्या गुडघ्याचं ऑपरेशन पुढच्या महिन्यात ठरलेलं असतं. ते पुढे ढकललं जातं आणि तिला कारण सांगितलं जात नाही. डायलिसिस तर पुढेही ढकलता येत नाही.

कंपन्यांच्या निरोपाच्या पत्रात समुपदेशनाची हेल्पलाइन असते. हेल्पलाइन नंतर द्या. आधी सहा महिने मेडिक्लेम चालू ठेवा. दहा हजार कोटी नफा असलेल्या कंपनीला ती रक्कम ताळेबंदात शोधावी लागेल इतकी लहान आहे.

(आणि तुम्ही अजून नोकरीत असाल तर आई-वडिलांची वेगळी पॉलिसी आजच बघा, छोटी का असेना. त्यांचं वय थांबत नाही.)

०

उरलेल्यांचं काय? त्यांना नशीबवान म्हणतात. ते नशीबवान नाहीत.

गेलेल्या दोघांचं काम एकाकडे येतं. जाणाऱ्याकडून ‘केटी’ घ्यायची असते: ज्याला उद्या काढणार आहेत त्याच्या शेजारी बसून त्याच्या डोक्यातलं सगळं उतरवून घ्यायचं. दोघांनाही माहीत असतं काय चाललंय. तो प्रामाणिकपणे शिकवतो, हे मी अनेकांकडून ऐकलं आहे, आणि दर वेळी मला त्या माणसांबद्दल आदर वाटतो. कंपनीनं त्यांना जे दिलं नाही ते ती कंपनीला शेवटच्या दिवशी देऊन जातात.

पण दुसऱ्या-तिसऱ्या कपातीनंतर उरलेली माणसं बदलतात. कुणी डॉक्युमेंट लिहीत नाही. जे फक्त मला माहीत आहे तेच मला वाचवेल, असं वाटू लागतं. टाउन हॉलमध्ये ‘प्रश्न आहेत का?’ विचारलं की चारशे लोक गप्प. डेडलाइन अशक्य आहे हे टीममधल्या सगळ्यांना माहीत असतं, बोलत कुणी नाही. ज्यांना बाहेर सहज नोकरी मिळते ते आधी जातात. सुट्टी शिल्लक असते, घेत नाहीत. ताप अंगात घेऊन लॉगइन करतात. आणि मग तिमाहीचे आकडे पडतात, वरचा जातो, नवा येतो, तो म्हणतो खर्च जास्त आहे.

कपातीनं कंपनी सुधारते असं सांगणाऱ्यांनी या मजल्यांवर एक आठवडा बसून दाखवावं.

०

या शहरानं कारखाने बंद होताना पाहिले आहेत. सप्टेंबर 2007 मध्ये बजाजनं आकुर्डीतलं उत्पादन थांबवलं, सुमारे 2,700 कामगार होते. शहरभर चर्चा झाली, राजकारणी मध्ये पडले. तळेगावात जनरल मोटर्सनं डिसेंबर 2020 मध्ये गाड्या बनवणं बंद केलं, पुढच्या वर्षी हजारावर कामगारांना कमी केलं. कामगार संघटना कोर्टात गेली. कारखाना ह्युंदाईकडे जायचं ठरलं तेव्हा, ऑक्टोबर 2023 मध्ये, कामगार उपोषणाला बसले. सगळं मिळालं असं नाही. पण गेटवर नोटीस होती, कामगारांची यादी होती, वाटाघाटीच्या टेबलाला दोन बाजू होत्या, आणि तळेगावातल्या किराणा दुकानदारालाही माहीत होतं की काय चाललंय.

वाकडच्या बाराव्या मजल्यावरचा माणूस नोकरी गेल्यावर तीन आठवडे सकाळी आठला बॅग घेऊन बाहेर पडतो. कॉफीच्या दुकानात बसून अर्ज करतो. सोसायटीत कळू नये म्हणून. मुलाच्या शाळेच्या ग्रुपवर कळू नये म्हणून. गावाकडे तर अजिबात कळू नये, कारण तिथे तो ‘पुण्यात कंपनीत’ आहे.

ही लाज त्याची नाही. त्याला ती शिकवली गेली आहे. तू हुशार आहेस, तू कामगार नाहीस, तुला संघटनेची गरज नाही, असं वीस वर्षं सांगितलं गेलं आणि आपण पुणेकरांनी ते अभिमानानं ऐकलं. पिंपरीतल्या फिटरच्या मुलानं इंजिनिअर व्हावं आणि युनियनच्या भानगडीत पडू नये, ही घराघरातली इच्छा होती. मुलगा इंजिनिअर झाला. बापाला एका शिफ्टच्या बदलासाठीही युनियनचा माणूस शेजारी मिळायचा; मुलाची नोकरी जाते तेव्हा त्या खोलीत त्याच्या बाजूनं कुणी नसतं.

संघटनेत जा. नाइट्स आहे, इतरही आहेत. त्यांची प्रत्येक भूमिका पटायला हवी असं नाही. वर्गणी भरा, एक ईमेल करून ठेवा, आपलं नाव त्यांच्याकडे असू द्या.

०

उद्या तुम्हाला त्या खोलीत बोलावलं तर सही करू नका. त्या दिवशी तरी नाही. ‘मला हे लेखी द्या’ एवढंच म्हणा आणि पुन्हा पुन्हा म्हणा. नियुक्तीपत्र, पगाराच्या पावत्या, अप्रेझलची पत्रं आधीच घरच्या संगणकावर असू द्या. ती तुमची आहेत. क्लायंटचं किंवा कोडचं काहीही बाहेर पाठवू नका, नाहीतर त्याच कारणावरून काढतील. खोलीतून बाहेर आलात की जे बोलणं झालं ते तारखेसह ईमेलनं एचआरला पाठवा: ‘आज मला राजीनामा द्यायला सांगितलं गेलं, मी स्वतःहून जात नाही.’ ते छोटंसं पत्र पुढे कामगार कार्यालयात तुमच्या वकिलापेक्षा जास्त बोलेल. हिशेबाचे पैसे नोकरी संपल्यापासून दोन कामाच्या दिवसांत द्यायचे, असं नव्या वेतन संहितेत लिहिलेलं आहे, राजीनामा दिला तरी. पंचेचाळीस दिवस, साठ दिवस ही ‘आमची पद्धत’ म्हणून कुणी सांगितली तर ते कलम दाखवा.

सगळ्यांना हे जमणार नाही हे मला कळतं. ज्याचा व्हिसा अडकला आहे, ज्याच्या बायकोला सातवा महिना आहे, ज्याचा पुनावळ्यातल्या फ्लॅटचा हप्ता पाच तारखेला कापला जातो, तो सही करून स्वच्छ पत्र घेईल आणि त्याला मी नावं ठेवणार नाही.

म्हणून पहिलं पाऊल त्याच्याकडून नको, सरकारकडून हवं. पुण्याच्या कामगार कार्यालयानं पाचशेहून अधिक माणसं असलेल्या प्रत्येक आयटी कंपनीकडून दर महिन्याला एकच आकडा मागावा: किती जण गेले, त्यांतले किती राजीनाम्यानं. किती जण गेले याचे आकडे भविष्य निर्वाह निधीच्या कार्यालयाकडे महिन्याच्या महिन्याला जातातच, ते जुळवून बघायला फार मोठी यंत्रणा लागत नाही. एखाद्या कंपनीत एका महिन्यात राजीनामे नेहमीच्या चौपट दिसले की अधिकाऱ्यानं तिथे जावं आणि गेलेल्यांपैकी वीस जणांना फोन करून विचारावं. तक्रार येण्याची वाट बघू नये. आणि तो आकडा कंपनीच्या नावासह दर तिमाहीला जाहीर करावा, म्हणजे तळवड्यात किंवा हिंजवडीत नोकरी धरायला निघालेल्या मुलीला ऑफर लेटरवर सही करायच्या आधी तो वाचता येईल.